काहून मॅडम आणि मारोतीचे रोडगे

जमुना बोंडे यांना कॉलेजात तोंडावर सगळे नुसतं 'मॅडम' म्हणत आणि पाठ फिरली की 'काहून मॅडम'. वऱ्हाडीत 'काहून' म्हणजे 'का'. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा तर कोणीतरी फळ्यावर तसं ठळक लिहूनच ठेवलं. मॅडमनी वाचलं, डस्टर उचललं, परत खाली ठेवलं आणि वर्गाकडे वळून विचारलं, "काहून बरं?" वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले इतिहासाचे सर दारात येऊन पाहून गेले.

घर बडनेऱ्याला, नवरा रेल्वेत, आणि नोकरी मूर्तिजापूरकडच्या एका कॉलेजात. सकाळच्या गाडीनं जायचं, दुपारच्या गाडीनं परत यायचं. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला तत्त्वज्ञान शिकवायचं. हा विषय हौसेनं घेणारं पोरगं शोधूनही सापडत नाही. कोणाला दुसऱ्या विषयात जागा मिळालेली नसते, कोणी पुस्तक बारीक दिसलं म्हणून येतं. मॅडमना त्याचं वाईट वाटत नसे. पहिल्याच दिवशी त्या स्वतःचीच गोष्ट सांगून मोकळ्या होत.

"मी तरी कुठं इचार करून आली? अकोल्याले ॲडमिशनले गेली तं गृहअर्थशास्त्राच्या टेबलापाशी ही लांब रांग. तत्त्वज्ञानाचं टेबल रिकामं, अन् वर पंखा. जून महिन्यातलं अकोला, बाप्पा! मी पंख्याखाली जाऊन उभी राहिली. सरांनी नाव इचारलं, मी सांगितलं. झालं."

पुढं मात्र त्यांना या विषयाची अशी काही गोडी लागली की एम.ए.ला अमरावतीला गेल्या आणि तिथं बिनपंख्याच्या खोलीत दोन उन्हाळे काढले.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा निराळी होती. त्या नोट्स देत नसत. एखाद्यानं उत्तर दिलं की 'बरोबर' म्हणत नसत, 'चूक'ही म्हणत नसत. भुवया वर करून विचारत, "काहून?" त्यावर पोरगं कारण सांगे. मॅडम त्या कारणाचंही कारण विचारत. तासाच्या शेवटी पोरगं घामाघूम होई आणि मॅडम ताज्यातवान्या.

पोरांची मतं कॉलेजच्या फाटकाबाहेर, कचोरीच्या गाडीवर ऐकायला मिळत. सुगत नावाचा उंच पोरगा, पोलीस भरतीची तयारी करणारा, म्हणे, "मॅडम शिकवतच नाहीत ना बे. इचारतच राह्यतात. मले तं वाटते त्यायलेच येत नाही, म्हणून आपल्याले इचारून घेतात."

भावना म्हणे, "मले पहिले एक तरी गोष्ट पक्की माहीत होती. आता एकही नाही."

आणि टाकळीचा शिवम म्हणे, "पेपर कसा गेला म्हणून माय इचारते. मी म्हनलं, बाकीचे चांगले गेले. याचा चांगला गेला का वाईट गेला, तेच समजून नाही राह्यलं."

शिवमच्या या एका वाक्यानं पुढचं सगळं घडलं. त्याची माय मैनाबाई. तिनं विचार केला, ज्या पेपरचं पोराला स्वतःलाच समजत नाही तो देवाच्याच हातात द्यावा. तिनं टाकळीच्या मारोतीला नवस बोलला: पोरगं तत्त्वज्ञानात पास होऊ दे, तुला रोडग्यांचं जेवण करीन.

आणि शिवम पास झाला.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्गात 'कारण म्हणजे काय' हा धडा चालू होता. शिवम हात वर करून उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मी पास झालो ना, ते मायच्या नवसानं."

सगळा वर्ग खिदळला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांचे डोळे चमकले. "बस. छान बोललास. आता सांगा, शिवम कशानं पास झाला? अभ्यासानं, नवसानं, का माह्या हातानं? अन् जे नापास झाले त्यांच्या मायनं नवस बोलला नव्हता का?"

"आमच्या घरी नवसच नाही, मॅडम," सुगत मागून ओरडला. "मंग मले कोणं पास केलं?"

तो तास संपता संपेना. शेवटी मॅडमनी शनिवार-रविवारच्या सुट्टीसाठी घरचा अभ्यास दिला. घरातलं एक माणूस निवडायचं. ते रोज जे करतं त्यातली एक गोष्ट धरायची, आणि विचारायचं, हे नाही केलं तर काय होईल? उत्तर ऐकून यायचं.

सोमवारी उत्तरं आली. भावनानं आईला विचारलं होतं, डाळीला फोडणी नाही दिली तर काय होईल. आईनं पळी उगारली होती. सुगतच्या बापानं उलट त्यालाच विचारलं होतं, "तू सकाळी धावाले नाही गेला तं काय होईन, ते सांग पहिले."

आरती मात्र आली नाही. मंगळवारीही नाही.

आरती टाकळीचीच, शिवमच्या शेजारच्या घरातली. वर्गात तीच एक पोरगी अशी, जी मॅडमना उलटा प्रश्न विचारायची. मॅडमनी 'काहून' म्हटलं की ती म्हणे, "तुमी सांगा ना, काहून नाही?" असं पोरगं मास्तरच्या आयुष्यात दर वर्षी येत नाही. ती दिसेना तेव्हा मॅडमनी शिवमला विचारलं.

"तिच्या आबानं बंद केलं, मॅडम," शिवम खाली पाहत म्हणाला.

आरतीचे आबा म्हणजे सूर्यभानजी. टाकळीच्या मारोतीचं सगळं तेच पाहत. जवानीपासून एकही शनिवार असा नाही की त्यांनी मारोतीला तेल घातलं नाही. आरतीनं घरच्या अभ्यासासाठी नेमके तेच निवडले. शनिवारी ते तेलाची वाटी घेऊन निघाले आणि नात म्हणाली, "आबा, तुमी तेल नाही वाह्यलं तं काय होईन?"

आबा तसेच निघाले. मारोतीला जाऊन आले, जेवले, आणि मग सुनेला म्हणाले, "पोरीले आता कॉलेजात पाठवू नोको. तिथं देव सोडाचं शिकवून राह्यले."

मॅडमनी फोन केला. सूर्यभानजींनीच उचलला.

"आबाजी, मी आरतीची मॅडम बोलते."

"समजलं," पलीकडून आवाज आला. "तुमी देव मानत नाही, ते तुमचं तुमी पाहा. आमची पोरगी आमाले राहू द्या." फोन कट.

आता यात गंमत अशी की जमुनाबाईंच्या देवघरात संध्याकाळचा दिवा कधी चुकला नव्हता. सोमवार त्या लग्नाआधीपासून धरत. गाडीत बसल्या की ओठातल्या ओठात नाव घेत, आणि शेजारणीला वाटे की या भाजीचा हिशोब करतात. पण कॉलेजात यातलं एक अक्षर त्यांनी कधी काढलं नव्हतं. त्यांना वाटे, आपण आपला देव वर्गात नेला की पोरं विचार करणं सोडतील. म्हणतील, मॅडम मानतात ना, मग झालं. आणि आपण मानत नाही असं समजलं तरी तेच, उलट्या बाजूनं. पोरांनी आपापल्या पायानं चालत जावं आणि जिथं पोचायचं तिथं पोचावं, एवढीच त्यांची इच्छा.

घरी हे ऐकून सासूबाई पंचफुलाबाईंनी कपाळावर हात मारला. "अवं, एवढं सोपं आहे! त्या बुड्याले सांगून टाक ना, की बाबा, मी सोमवार धरते, दिवा लावते. पोरगी उद्या सकाळी कॉलेजात."

"सांगितलं असतं, आई. पण मंग पोरगी माह्या सोमवारामुळे येईन. तिच्या प्रश्नाचं काय?"

"प्रश्नाले काय धरून बसली तू!" सासूबाई म्हणाल्या. "पोरगी गेली तं प्रश्न कोण इचारीन?"

हे मात्र जमुनाबाईंच्या मनाला लागलं. रात्रभर तेच डोक्यात. त्यात दुसऱ्या दिवशी शिवमनं निरोप आणला. मायनं शनिवारी रोडगे ठेवले आहेत, मारोतीच्या पारावर. मॅडमनी यायलाच पाहिजे. माय म्हणते, पेपर ज्यांनी तपासला त्यांच्याशिवाय नवस फिटत नाही. सगळ्या वर्गालाही बोलावणं होतं.

मॅडमना हसू आलं आणि लगेच ओसरलंही. मारोतीच्या पारावर म्हणजे सूर्यभानजींच्या समोरच. पण आरतीसाठी बोलायचं तर हीच वेळ. त्या 'येते' म्हणाल्या.

शनिवारी गाडीतून उतरून, पुढं ऑटोनं त्या टाकळीला पोचल्या तेव्हा थंडीचं कोवळं ऊन पडलं होतं. पाराशेजारी गोवऱ्यांचा धूर निघत होता आणि निखाऱ्यात कणकेचे जाडजूड गोळे भाजत होते. मोठ्या गंजात तुरीचं वरण, दुसऱ्यात वांग्याची भाजी. तिची लाल तर्री पाहूनच कानातून वाफ निघावी. सुगत आधीच येऊन गोवऱ्या सारत होता. भावना बायकांत बसून रोडग्याची राख झटकत होती.

"याले म्हंतात प्रॅक्टिकल, मॅडम," सुगत म्हणाला.

आरतीही होती. दूर, आईच्या मागे उभी. मॅडम दिसताच तिचं तोंड फुललं, आणि आबांकडे पाहून लगेच मिटलं.

सूर्यभानजी पाराच्या कडेला काठी टेकून बसले होते. अंगानं वाळके, पण नजर अशी की समोरच्या बाईनं आपोआप पदर सावरावा. मॅडमनी आधी मारोतीपुढं हात जोडले आणि मग त्यांना नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, एवढंच.

मारोतीला नैवेद्य झाला, पंगत बसली. टाकळीची रीत अशी की मारोतीच्या जेवणात पहिली पत्रावळ सूर्यभानजींची. मैनाबाई रोडगा घेऊन आली, त्यांच्यासमोर थांबली, आणि तशीच पुढं जाऊन तिनं तो मॅडमच्या पत्रावळीवर ठेवला. वर तुपाची धार सोडली.

पंगतीतल्या माना सूर्यभानजींकडे वळल्या.

"अवं मैना," सूर्यभानजी म्हणाले, "इकडं बी माणूस बसला आहे."

"तुमाले नाही कोण म्हंते, मामाजी? पण नवस या मॅडमच्या पेपरचा व्हता. मारोतीनं बुद्धी देल्ली, पण मार्क तं यायनंच टाकले ना?"

"बरं." सूर्यभानजींनी पत्रावळ थोडी बाजूला सारली. "मंग मॅडमलेच इचारू. सांगा मॅडम. हे पोरगं तुमच्यानं पास झालं का मारोतीच्यानं?"

मॅडमच्या हातात रोडग्याचा पहिला तुकडा होता. त्यांनी तो खाली ठेवला. "मी पेपर तपासला, आबाजी. त्यानं जे लिहिलं त्याले मार्क देले. एकही जास्तीचा नाही. पण त्याले रात्री जागवून पुस्तकापाशी कोणं बसवलं, ते मी पाह्यलं नाही. म्हणून ते मले माहीत नाही."

"माहीत नाही!" सूर्यभानजी पंगतीकडे वळले. "एवढ्या शिकल्या, अन् माहीत नाही."

"पाह्यलं का," सुगत शिवमच्या कानात म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी सांगत होतो, यायले येतच नाही."

भावनानं त्याला कोपर मारलं. कोणीतरी हसलं. सूर्यभानजी हसले नाहीत. त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. "असं फिरवू नोका. एक गोष्ट सरळ सांगा. तुमी देव मानता का नाही?"

सगळ्या पंगतीचे घास हातात राहिले. आरती आईच्या मागून पुढं आली. जमुनाबाईंच्या डोळ्यांपुढं घरचं देवघर उभं राहिलं, सासूबाई दिसल्या. एक शब्द. 'मानते' एवढं म्हणायचं. खोटंही नव्हतं. पोरगी परवा वर्गात असती.

त्यांनी आरतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आबाजी, हे मी नाही सांगणार. माफ करा. मी 'हो' म्हनलं तर तुमी आरतीले पाठवसान, 'नाही' म्हनलं तर नाही पाठवणार. दोन्हींकडून पोरगी माह्याच मतानं चालली ना? मंग तिचं डोकं कशाले?"

"मंग बसू द्या घरी!" सूर्यभानजी म्हणाले.

आरतीनं ओठ दाबून धरले. आता मात्र शिवमला राहवलं नाही. नवस त्याचा, रोडगे त्याचे, आणि मॅडमची अशी फजिती. तो उभाच राहिला. "आबा, मॅडम मानतात! मले पक्कं माहीत आहे. आत्ता मारोतीपुढं हात जोडले का नाही?"

"हात तं मी बी जोडले," सुगत म्हणाला. "गावात आलो तं पाव्हण्यासारखं राहाव लागते. मॅडम बिलकूल मानत नाहीत. त्या दिवशी नवसाले कसं सोलून काढलं, आठवते का?"

"अरे, मंग अभ्यासाले नाही सोललं का?" भावना म्हणाली. "म्हणे, अभ्यास करूनही नापास झाले ते कसे? मॅडम मानतात. कुंकू पाह्य ना."

"कुंकू माही माय बी लावते. तिचा अन् देवाचा सहा महिन्यापासून अबोला आहे," मागून एक पोरगं म्हणालं.

"सोमवारी मॅडम डबा नाही आणत!" आणखी एक पोरगी म्हणाली.

"सोमवारी गाडी लेट राह्यते म्हणून!"

पंगतीत एकच गलका उडाला. अर्धी पोरं म्हणत मानतात, अर्धी म्हणत नाही मानत. जो तो पुरावा काढे आणि दुसरा तो उडवून लावे. कोणी तर मॅडमच्या पर्समध्ये अंगारा असल्याची शपथ घ्यायला निघाला. म्हाताऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. मॅडम मान खाली घालून रोडगा कुस्करत होत्या. त्यांचेही खांदे हलत होते.

सूर्यभानजी एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी काठी वर केली तेव्हा कुठं गलका थांबला.

"थांबा रे. किती दिवस झाले तुमाले इच्या वर्गात?"

"सहा-सात महिने झाले, आबा," शिवम म्हणाला.

"अन् सहा महिन्यात एकालेही समजलं नाही, बाई देवाची का बिनदेवाची?"

पोरं एकमेकांकडे पाहू लागली.

सूर्यभानजींनी काठी खाली ठेवली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मले वाटलं हे बाई पोरायले आपल्या बाजूनं ओढून राह्यली. इथं तं बाजूच दिसून नाही राह्यली." त्यांनी पत्रावळ परत पुढं ओढली. "वाढ वं मैना. माहा रोडगा थंडा करतं का?"

मैनाबाई धावली. पंगतीत पुन्हा भुरके सुरू झाले. पण मॅडमनी सूर्यभानजींवरची नजर हलवली नाही. पोरगी येणार की नाही, ते अजून ठरलंच नव्हतं.

"आबाजी," त्या हळूच म्हणाल्या, "तुमी मले लय इचारलं. एक मी इचारू?"

"इचारा. तुमचा धंदाच तो."

"आरतीनं तुमाले जे इचारलं, त्याचं तुमी उत्तर काय देलं?"

सूर्यभानजींचा घास थांबला. "उत्तर? अशा प्रश्नाले उत्तर देतात का? मले राग आला."

"राग का आला, आबा?" आरती त्यांच्याजवळ येऊन खाली बसली होती. आवाज अगदी बारीक. "मी तेल बंद करा नाही म्हनलं. मी इचारलं, काय होईन."

म्हातारा नातीकडे पाहत राहिला. मग मारोतीकडे पाहिलं. शेंदूर उन्हात चकाकत होता, सकाळचं तेल अजून ओघळत होतं.

"काय होईन म्हंतं," ते म्हणाले. "मारोतीले काहीच नाही होणार. त्याले काय, तो पावसात बी उभा अन् उन्हात बी उभा. मलेच करमणार नाही. शनिवार शनिवारासारखा वाटणार नाही मले."

मैनाबाईनं पदरानं डोळे टिपले, धुरानं असेल. आरती म्हणाली, "मंग आबा, तेल मारोतीसाठी का तुमच्यासाठी?"

"ओ बाप्पा!" सुगतनं डोक्याला हात लावला.

सूर्यभानजींनी नातीकडे बोट केलं आणि मॅडमकडे वळले. "पाह्यलं! पाह्यलं का मॅडम! एक उत्तर देलं तं दुसरा प्रश्न तयार! हे तुमचंच काम आहे."

"माहं नाही, आबाजी," मॅडम म्हणाल्या. "हे मले नव्हतं सुचलं."

म्हाताऱ्याच्या मिशा हलल्या. आधी वाटलं चिडले, मग कळलं की हसताहेत. "वांधे आहेत," ते म्हणाले. "घरी ठेवली तं हे मलेच दिवसभर सोलून काढीन. त्यापेक्षा तुमच्याकडंच बरी." मग आरतीच्या डोक्यावर टपली मारली. "सोमवारी जाय कॉलेजात. अन् हा तेलाचा प्रश्न मॅडमले इचार. मले नोको. उत्तर घेऊनच ये. रिकाम्या हातानं आली तं पाह्य."

सुगतनं शिट्टी वाजवली. मॅडमनी अखेर रोडग्याचा पहिला घास तोंडात घातला आणि पाठोपाठ वांग्याचा. डोळ्यांत पाणी आलं ते तर्रीचं की कशाचं, हे त्यांनी शोधत बसायचं नाही असं ठरवलं.

सोमवारी पहिल्याच बाकावर आरती होती. मॅडमनी हजेरी घ्यायला तोंड उघडलं तोच ती उभी राहिली.

"मॅडम, आबानं पाठवलं. तेल देवासाठी का माणसासाठी? अन् माणसासाठी असन तं मंग देवाले कशाले वाह्यचं? आबा म्हणे, मॅडमले सांग, 'माहीत नाही' चालणार नाही."

सगळा वर्ग मॅडमकडे पाहू लागला. मॅडमनी खडू उचलला, फळ्याकडे गेल्या, तिथं काही न लिहिता परत वळल्या. खडू टेबलावर ठेवला आणि खाली उतरून सुगतच्या बाकापाशी आल्या.

"सरक रे जरा," त्या म्हणाल्या आणि त्याच्या शेजारी बसल्या. "आरती, तू जा समोर. पहिले तुले काय वाटते, ते सांग. मी बी ऐकते."